पाच जणांसाठी फिफ्थ व्हील घ्यायचंय, आधी ट्रक बघू की ट्रेलर?

रानवाटा

नमस्कार मंडळी. आम्ही कोलोराडोत डेन्व्हरजवळ राहतो. आम्ही दोघं आणि तीन मुलं, मोठा तेराचा, मधली दहाची, धाकटा सहाचा. सध्या २४ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर आहे, मागच्या बॉलवर ओढायचा साधाच, पण आता मोठ्याचे पाय बंकच्या बाहेर यायला लागलेत आणि पावसात सगळे आत बसलो की एकमेकांना ओलांडूनच इकडून तिकडे जावं लागतं. शिवाय उन्हाळ्यात सासू-सासरे येतात दोन-तीन महिने, त्यांनाही बरोबर न्यायची खूप इच्छा आहे, त्यांना यलोस्टोन दाखवायचंय.

म्हणून फिफ्थ व्हील, म्हणजे ट्रकच्या मागच्या हौद्यात टेकवून ओढायचा ट्रेलर, बघतेय. एका डीलरकडे ३३ फुटी बंकहाउस मॉडेल मनात भरलं, मागे मुलांची वेगळी खोली, मध्ये किचन, पुढे वरच्या पायरीवर आमची बेडरूम. त्यावर "हाफ-टन फ्रेंडली", म्हणजे हलक्या पिकअप ट्रकलाही चालेल, असं लिहिलेलं आहे. ड्राय वेट ८,६०० पाउंड, जीव्हीडब्ल्यूआर (सामान भरून कमाल वजन) १०,५००. आमचा ट्रक एफ-१५०, ३.५ इकोबूस्ट, क्रू कॅब (चार दारांची), साडेपाच फुटी बेड (मागचा हौदा), आणि ब्रोशरमध्ये त्याची टोइंग क्षमता ११ हजारांच्या वर दिलीय. डीलर म्हणतो आरामात ओढेल, नवऱ्यालाही तसंच वाटतंय, पण मला मनातून खात्री होत नाहीये कारण आपल्याकडे आय-७० वर चढ-उतार काय आहेत ते रोज बघतोच. दाराच्या आतल्या पिवळ्या स्टिकरवर १,६५० पाउंड असा आकडा आहे, तो नेमका कशाचा आणि तो बघायचा की टोइंगचा, हे कुणी नीट समजावून सांगेल का? आणि लेआउट, नवा-जुना, यावर जे काही सांगाल ते हवंय. बजेट ट्रेलरपुरतंच धरलेलं आहे, ट्रक बदलायचा विचार अजून केलेला नाही.

---

किंगपिन

ताई, तुमची शंका बरोबर आहे आणि तो पिवळा स्टिकरच सगळ्यात महत्त्वाचा आहे. तो आकडा तुमच्या त्याच गाडीचा आहे, मॉडेलचा नाही. म्हणजे तुमच्या ट्रकला सनरूफ असेल, फोर व्हील ड्राइव्ह असेल, जे काही कारखान्यातून लागून आलंय ते सगळं वजा करून उरलेली वजन पेलायची ताकद, म्हणजे पेलोड. त्यात माणसं, सामान, हिच (ट्रेलर अडकवायची जोडणी) आणि ट्रेलरचा जो भार ट्रकच्या पाठीवर येतो तो, हे सगळं बसायला हवं. ब्रोशरमधला टोइंगचा आकडा एसएई जे-२८०७ नावाच्या चाचणीतून येतो आणि त्यात ट्रकमध्ये दीडशे-दीडशे पाउंडांची दोनच माणसं धरलेली असतात, तुमच्यासारखं पाच जणांचं कुटुंब नाही.

आता फिफ्थ व्हीलचा मुद्दा असा की त्याचा भार बॉलवर मागे लोंबत नाही, तो बेडमध्ये मागच्या अ‍ॅक्सलच्या वर किंवा किंचित पुढे बसतो, म्हणूनच तो इतका स्थिर चालतो, पण त्याच कारणाने तो भार जास्तही असतो. ट्रॅव्हल ट्रेलरचं टंग वेट, म्हणजे ट्रकवर येणारा भार, एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के, फिफ्थ व्हीलचा तोच भार, म्हणजे पिन वेट, १५ ते २५ टक्के, आणि बंकहाउस प्लॅनमध्ये मी हिशेबाला सरळ २० टक्के धरतो.

तुमचाच हिशेब करू. ड्राय वेट ८,६०० हे कारखान्यातून बाहेर पडतानाचं वजन, त्या वजनाने तो ट्रेलर तुम्ही कधीच ओढणार नाही. बॅटऱ्या आल्या, भरलेले प्रोपेन आले, पाण्याची ६० गॅलनची टाकी असेल आणि भरून निघालात तर एका गॅलनला ८.३४ पाउंड म्हणजे पाचशे पाउंड तिथेच गेले, मग भांडी, कपडे, अंथरुणं, खुर्च्या, होसेस, मुलांचे खेळ, हे कुठल्याही कुटुंबाचं हजार-बाराशे सहज होतं. म्हणजे तुम्ही दहा हजारांच्या वरच असणार. तेव्हा जीव्हीडब्ल्यूआरच धरा, १०,५०० चे २० टक्के २,१००. आता ट्रककडे या. पाच जणांचे मिळून ६२० पाउंड समजा, हिच १३० ची समजा, १,६५० मधून हे गेलं की उरतात ९००. नऊशेची जागा आणि एकवीसशेचा भार! अगदी १५ टक्के पकडलं तरी १,५७५ होतात. हे काठावरचं प्रकरणसुद्धा नाही, हा ट्रक यासाठी नाहीच.

कुणी म्हणेल मागच्या सस्पेन्शनला हवेच्या पिशव्या, म्हणजे एअरबॅग बसवा. एअरबॅगने मागची बाजू उचलली जाते, ट्रक सपाट दिसतो, पण अ‍ॅक्सल तोच, चाकं तीच, फ्रेम तीच, ब्रेक तेच. स्टिकरवरचा आकडा एक पाउंडानेही वाढत नाही.

माझं मत विचाराल तर आधी ट्रक ठरवा. ट्रेलर कितीही आवडला तरी त्याचा जीव्हीडब्ल्यूआर कागदावर लिहून घ्या आणि त्याला पुरणारा ट्रक परवडतो का ते बघा, मगच सही करा. तोवर डीलरला डिपॉझिट देऊ नका.

---

तंबूवाला

किंगपिनने गणित मांडलंय त्यावर काही बोलायचं नाही, शंभर टक्के सहमत. मी दुसऱ्या बाजूने विचारतो, तुम्ही राहायला कुठे जाता? आरव्ही (फिरत्या घरांच्या) पार्कमध्ये, स्टेट पार्कमध्ये, नॅशनल फॉरेस्टमध्ये, की बीएलएमच्या, म्हणजे सरकारी मोकळ्या जमिनीवर? कारण ३३ फूट म्हटलं की जागा निवडायचं स्वातंत्र्य बरंच कमी होतं. नॅशनल पार्कमधली बरीच कॅम्पग्राउंड्स गाड्या लहान होत्या त्या काळात आखलेली आहेत, झाडं जवळ, वळणं अरुंद, पॅड आखूड. रिक्रिएशन डॉट गव्हवर गाडीच्या लांबीचा फिल्टर लावून तुमच्या आवडत्या चार-पाच जागा आत्ताच तपासा, २४ फुटांना किती साइट दिसतात आणि ३३ ला किती, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा. मग ठरवा. बऱ्याच ठिकाणी बुकिंग सहा महिने आधी उघडतं आणि लांब साइट सगळ्यात आधी जातात.

यलोस्टोनचं म्हणाल तर तिथे फुल हुकअप (वीज, पाणी, सांडपाणी तिन्हीची जोडणी) फक्त फिशिंग ब्रिज आरव्ही पार्कला आहे, आणि तिथे कडक भिंतींच्याच गाड्या चालतात, अस्वलांमुळे, कापडी तंबू किंवा पॉप-अप नाही. फिफ्थ व्हीलला ते छान आहे. ग्लेशियरला गेलात तर गोइंग-टू-द-सन रोडवर अ‍ॅव्हेलांच आणि रायझिंग सनच्या मधल्या भागात २१ फुटांपेक्षा लांब किंवा ८ फुटांपेक्षा रुंद काहीच नेता येत नाही, रुंदीत आरसेसुद्धा धरतात. म्हणजे ट्रेलर खाली ठेवून जायचं, आणि एक-टन (जड कामाचा पिकअप) क्रू कॅब लाँग बेड घेतलात तर तो ट्रक एकटासुद्धा तिथे बसत नाही, हे ट्रक निवडताना लक्षात असू द्या! झायनचा १९३० चा बोगदा तर असा अरुंद की ११ फूट ४ इंचांच्या वरची गाडी आपल्या लेनमध्ये मावत नाही. फिफ्थ व्हील १२ ते साडेतेरा फूट उंच असतं, तेव्हा तो रस्ता डोक्यातून काढूनच टाका आणि जायच्या आधी पार्कचे ताजे नियम वाचा. तुमच्या घरच्या रस्त्यावरच्या आयझेनहॉवर टनेलला १३ फूट ११ इंचांची मर्यादा आहे, तिथून बहुतेक सगळी जातात, पण ब्रोशरमधल्या उंचीवर जाऊ नका, ट्रेलर स्वतःच्या ट्रकला जोडून सपाट जमिनीवर एसीच्या टोकापर्यंत टेपने मोजा आणि तो आकडा डॅशबोर्डवर चिकटवा. पेट्रोल पंपाचं छप्पर, झाडाच्या फांद्या, जुने रेल्वे पूल, सगळीकडे तोच आकडा कामाला येतो.

चालवण्याबद्दल. हायवेवर सुख आहे, बाजूने मोठा सेमी ट्रक गेला तरी मागून ढकलल्यासारखं फार जाणवत नाही, ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये तो झोल कायम असतो. शिवाय पुढचा पाच-सहा फूट भाग बेडवर असल्याने तेवढ्याच लांबीच्या ट्रॅव्हल ट्रेलरपेक्षा एकूण लांबी कमी भरते. पण वळणावर तो जास्त आत कापतो, कोपऱ्यावरचा खांब, दगड, पंपाचा बोलार्ड हे आतल्या चाकांना लागतं, म्हणून वळण मोठं घ्यायची सवय करावी लागते. रिव्हर्सला तो उशिरा प्रतिसाद देतो, ट्रॅव्हल ट्रेलर पटकन फिरतो तसा नाही. मोकळ्या पार्किंगमध्ये चार ट्रॅफिक कोन ठेवून एक दुपार घालवा, जमतं.

आणि साडेपाच फुटी बेड हा वेगळाच विषय आहे. इतक्या आखूड बेडमध्ये वळताना ट्रेलरचा पुढचा कोपरा कॅबच्या मागच्या काचेत घुसू शकतो. त्यासाठी सरकणाऱ्या हिच मिळतात, आपोआप सरकणाऱ्या पण आहेत, पण त्या जड आणि महाग, म्हणजे पुन्हा पेलोडच खातात. साडेसहा फुटी बेडला पुढच्या टोपाला खाचा असलेला ट्रेलर बरेचदा जमतो, आठ फुटीला प्रश्नच नाही. बेड हिचने भरला की सायकली, जनरेटर, लाकडं कुठे ठेवणार तेही आत्ताच ठरवा. बेडवर टॉपर (टप) लावत असाल तर तो गेला.

खरं तर मी तुम्हाला विचारेन की ३० फुटी बंकहाउस ट्रॅव्हल ट्रेलर आणि चांगली वेट डिस्ट्रिब्यूशन हिच (भार सगळ्या अ‍ॅक्सलवर वाटून देणारी), हे बघितलंत का? प्रत्येकाने फिफ्थ व्हीललाच गेलं पाहिजे असं नाही.

---

किंगपिन

@तंबूवाला, ३० फुटी बंकहाउस भरून साडेसात-आठ हजारांचा होतो, त्याचं टंग वेट १२-१३ टक्क्यांनी हजाराच्या आसपास, आणि ताईंकडे उरलेत नऊशे, तेही फिफ्थ व्हीलची हिच धरून. वेट डिस्ट्रिब्यूशन हिचचंसुद्धा शंभरेक पाउंड वजन असतं. म्हणजे तिथेही हा ट्रक काठावरच आहे. लांबीचा तुमचा मुद्दा मात्र अगदी खरा.

---

अंगणातली चूल

मी आतल्या बाजूचं सांगते कारण पुरुष मंडळी ट्रकवरच अडकतात आणि राहायचं असतं आत 🙂 आमच्याकडे बंकहाउस फिफ्थ व्हील आहे, मुलं आता कॉलेजच्या आसपासची.

सगळ्यात आधी एक विचारते, सासू-सासरे आल्यावर तुम्ही सात जण होणार. बसणार कुठे? क्रू कॅबमध्ये पाच, पुढे बेंच सीट असेल तर सहा. सातवा नाहीच. ट्रेलरमध्ये माणसं बसवून न्यायला बऱ्याच राज्यांत मनाई आहे, कॅलिफोर्नियासारख्या काही ठिकाणी फिफ्थ व्हीलमध्ये अटींसह परवानगी आहे, पण तिथेही सीट बेल्ट नसलेल्या खोलीत म्हाताऱ्या माणसांना किंवा मुलांना बसवायचं मनातसुद्धा आणू नका. तेव्हा त्या दोन-तीन महिन्यांत दुसरी गाडी मागून येणारच, कोण चालवणार, त्याचं इंधन, कॅम्पसाइटवर दुसऱ्या गाडीची फी, हे सगळं धरा. दुसरी गाडी येणारच असेल तर त्याचा एक फायदा पण आहे, सायकली आणि अर्धं सामान तिच्यात जातं, आणि ग्लेशियरसारख्या ठिकाणी फिरायला छोटी गाडी हाताशी राहते.

त्यांच्या झोपायचं पण बघा. पुढच्या बेडरूमला दोन-तीन पायऱ्या असतात आणि बाथरूम बहुतेक त्या पायऱ्यांवरच असतं, रात्री दोनदा उठणाऱ्या माणसाला ते त्रासाचं आहे. आम्ही आमची बेडरूम मोठ्यांना दिली आणि बाथरूम दाराला लागून आहे म्हणून जमलं. तुम्ही बघताय त्या मॉडेलमध्ये मागच्या बंकखोलीला स्वतंत्र हाफ बाथ आहे का बघा, पाच-सात माणसांत दुसरं टॉयलेट म्हणजे सकाळची भांडणंच संपतात. बाहेरच्या घडीच्या पायऱ्या जमिनीवर टेकणाऱ्या भक्कम आहेत की हवेत लटकणाऱ्या, आणि धरायला दांडा कुठे आहे, हे त्यांना प्रत्यक्ष चढवून बघा.

बंकच्या लांबीवर जा, टेप घेऊन. तेराचा मुलगा दोन वर्षांत सहा फुटांचा होतो, आणि बंकवर वजनाची मर्यादा लिहिलेली असते, काही ठिकाणी ती दीडशे पाउंडच असते. मुलाला आणि मित्राला वरच्या बंकवर एकत्र चढू द्यायचं नाही असं सांगावं लागेल अशी जागा घेऊ नका. मिड-बंक पण बघा, मध्ये बंद होणारी छोटी खोली असते, पावसाळी दिवशी मुलगी तिथे वाचत बसू शकते आणि मुलं बाहेर दंगा करू शकतात.

आता माझा सगळ्यात आवडता प्रश्न: स्लाइड (ट्रेलरचा बाहेर सरकणारा भाग) बंद असताना टॉयलेट, फ्रिज आणि एक तरी पलंग गाठता येतो का? डीलरच्या आवारात सगळी स्लाइड बाहेर काढून ठेवतात, आत हॉल दिसतो, तुम्ही भारावून जाता. त्यांना सांगा सगळं बंद करा, मग आत शिरून दाखवा. प्रवासात रेस्ट एरियात थांबून धाकट्याला बाथरूमला न्यायचं असतं, दुपारचं जेवण काढायचं असतं, प्रत्येक वेळी स्लाइड उघडता येत नाही, वॉलमार्टच्या पार्किंगमध्ये तर नाहीच.

टाक्या. पाच माणसांत आधी भरते ती सांडपाण्याची ग्रे टाकी, भांडी आणि आंघोळी. किचनची वेगळी आणि बाथरूमची वेगळी असे दोन ग्रे टँक असतील तर दोन्हींचं माप स्वतंत्र बघा, बेरीज बघू नका, कारण किचनची भरली की किचन थांबतं. आणि स्टोव्हवरचा पंखा हवा खरंच बाहेर फेकतो का की फिल्टरमधून आतच फिरवतो, ते हात लावून बघा. फोडणीचा वास तीन दिवस पांघरुणांत राहतो.

वीज ३० अँपची की ५० ची? ३० मध्ये ३,६०० वॉट, ५० मध्ये दोन लाइन मिळून १२,००० वॉट, फरक नावापेक्षा खूप मोठा आहे. दोन एसी चालवायचे, तेही मायक्रोवेव्हबरोबर, तर ५० च हवी. तुम्ही डोंगरात जास्त जात असाल तर एक एसी पुरेल, पण मोआबला जुलैत गेलात तर ३३ फुटांत एक एसी काही करत नाही. आणि आजकालच्या बऱ्याच ट्रेलरमध्ये १२ व्होल्टचा कंप्रेसर फ्रिज येतो, तो पटकन थंड करतो पण गॅसवर चालत नाही, तेव्हा हुकअप नसेल तर बॅटरी आणि सोलर चांगले लागतात. आधीचा गॅसवाला फ्रिज सपाट नसला तर रुसतो. प्रत्येकाचं आपलं काहीतरी आहे.

---

छतावरचा मेकॅनिक

मी मोबाइल आरव्ही रिपेअर करतो, लोकांच्या दारात जाऊन. वरच्यांनी सांगितलंय ते परत सांगत नाही, मी फक्त नवा-जुना आणि तपासणी यावर बोलतो.

या देशातले बहुतेक टोएबल, म्हणजे ओढायचे, आरव्ही इंडियाना राज्यात एल्कहार्टच्या परिसरात बनतात, आणि वेगवेगळ्या नावांखालचे बरेच ब्रँड दोन-तीन मोठ्या कंपन्यांचेच असतात, कीस्टोन आणि जेको दोन्ही थॉरचे, फॉरेस्ट रिव्हर बर्कशायर हॅथवेची, ग्रँड डिझाइन २०१६ पासून विनेबॅगोची. तेव्हा "हा ब्रँड चांगला, तो वाईट" या वादात रात्री जागवू नका, समोर उभा असलेला तो एक ट्रेलर कसा बांधलाय ते बघा. दाराजवळ आरव्हीआयए या आरव्ही उद्योग संघटनेचा स्टिकर असतो, त्याचा अर्थ गॅस, वीज, आग, प्लंबिंग यांचे सुरक्षेचे नियम पाळलेत इतकाच, कपाटाची बिजागरी टिकेल असा नाही.

माझा कल तीन-चार वर्षं जुन्या, छताखाली ठेवलेल्या ट्रेलरकडे आहे. पहिल्या मालकाने बारीकसारीक बिघाड दुरुस्त करून घेतलेले असतात आणि किंमत सुरुवातीच्या वर्षांत जोरात उतरते ती त्याच्या खिशातून गेलेली असते. पण पाणी शिरलेला ट्रेलर फुकट मिळाला तरी नको. शिडी घेऊन छतावर चढा, किंवा चढणारा माणूस न्या, व्हेंट आणि अँटेनाच्या भोवतीचं सीलंट तडकलंय का, उचललं गेलंय का. फायबर ग्लासच्या भिंतीवर कडेने नजर टाका, उन्हात तिरकं बघितलं की फुगवटे दिसतात, ते दिसले की आतला थर सुटलाय. स्लाइडच्या कोपऱ्यात आणि पुढच्या बेडरूमच्या पलंगाखाली जमीन पायाने दाबून बघा, मऊ लागली की निघा. ओलावा मोजायचं छोटं मीटर फार महाग नसतं.

फिफ्थ व्हीलची खास जागा म्हणजे पुढचा वर उचललेला भाग. सगळा पिनचा जोर तिथे येतो. कोणाला तरी ट्रकमध्ये बसवून ब्रेक धरून हलकेच पुढे-मागे करायला सांगा आणि तुम्ही बाजूला उभं राहून पिन बॉक्सच्या वरची भिंत बघा, ती वाकताना किंवा फुगताना दिसली, कोपऱ्याच्या पट्टीला चिरा दिसल्या, तर आतल्या फ्रेमचा प्रश्न असू शकतो आणि तो खर्च मोठा असतो. वेल्डिंगचे जोड टॉर्चच्या उजेडात बघा. टायरवरच्या डीओटी कोडचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष, २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. ट्रेड कितीही चांगला दिसू दे, ट्रेलरचे टायर झिजून नाही तर वयाने जातात, सहा वर्षांच्या आसपास बदलायचेच. घेतल्याघेतल्या टायर प्रेशर मॉनिटर लावा, ट्रेलरचा टायर फुटलेला ट्रकमध्ये कळत नाही आणि तो तळाची वायरिंग, प्लंबिंग सगळं फाडून जातो.

स्वतः एवढं जमणार नसेल तर एनआरव्हीआयए सर्टिफाइड इन्स्पेक्टर मिळतात, डीलरशी संबंध नसलेला घ्या.

नवाच घेणार असाल तर सही करायच्या आधी पूर्ण पीडीआय, म्हणजे ताबा घेण्याआधीची तपासणी, स्वतःसमोर करून घ्या. पाणी जोडा, वीज जोडा, गॅस चालू, गरम पाणी येईपर्यंत थांबा, फर्नेस चालवा, एसी चालवा, प्रत्येक नळाखाली कोरडा टिशू ठेवा, प्रत्येक स्लाइड दोनदा आत-बाहेर. अर्धा दिवस लागतो, लागू दे. सही झाली की तुमचं काम रांगेत जातं आणि उन्हाळ्यात सर्व्हिसची रांग लांब असते. आणखी एक, कारच्या लेमन लॉवर भरवसा ठेवू नका, अनेक राज्यांत तो कायदा ओढायच्या आरव्हीला लागू होत नाही. फायनान्सच्या खोलीत पेंट प्रोटेक्शन, टायरचं पॅकेज, वाढीव वॉरंटी हे सगळं मासिक हप्त्यात "फक्त एवढेच वाढतील" म्हणून दाखवतात, तुम्ही हप्ता बघू नका, एकूण रक्कम बघा. कर्ज १५-२० वर्षांचं मिळतं, पण इतक्या लांब मुदतीत ट्रेलरची किंमत कर्जाच्या खाली जाते आणि मुलं मोठी झाल्यावर विकायला गेलात तर वरचे पैसे खिशातून घालावे लागतात. झोपायची, स्वयंपाकाची आणि टॉयलेटची सोय असेल तर आयआरएसच्या नियमांत तो दुसरं घर म्हणून बसू शकतो आणि व्याजाची वजावट मिळू शकते, तुमच्या सीपीएला विचारा.

---

रानवाटा

काय बोलू, इतकं सविस्तर कुणी डीलरने पण सांगितलं नाही, मनापासून आभार सगळ्यांचे. नवऱ्याला सगळे रिप्लाय वाचायला लावले, सात जण बसणार कुठे हे वाचून तो बराच वेळ गप्प होता. शनिवारी आम्ही ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर पाचही जण बसून, टाकी फुल करून ट्रक तोलून आलो. आता आम्ही असं ठरवलंय की तो ३३ फुटी बाजूला, डिपॉझिट दिलेलं नाही. २८ ते ३० फूट, मिड-बंक किंवा मागे बंक, जीव्हीडब्ल्यूआर १०,५०० च्या आत, तीन-चार वर्षं जुना, असा शोधणार, आणि तो घ्यायच्या आधी ट्रक बदलणार. नव्या ट्रेलरचं जे बजेट होतं त्यात जुना ट्रेलर आणि एफ-१५० विकून आलेले पैसे घातले तर वापरलेला हेवी ड्यूटी ट्रक बसतोय असं दिसतंय.

आता प्रश्न ट्रकचा. तीन-चतुर्थांश टन (हाफ-टनच्या वरचा) डिझेल, तीन-चतुर्थांश टन गॅस (म्हणजे पेट्रोल), की एक-टन? आणि लायसन्स वेगळं लागतं का?

---

किंगपिन

हे वाचून फार बरं वाटलं. आता कॅट स्केलची ती पावती जपून ठेवा, ट्रेलर आला की तोही जोडून तोला, तीन प्लॅटफॉर्मवर पुढचा अ‍ॅक्सल, मागचा अ‍ॅक्सल आणि ट्रेलर असे तीन आकडे वेगळे मिळतात. पहिल्या दोन आकड्यांच्या बेरजेतून त्या वेळच्या नव्या ट्रकचं एकट्याचं वजन वजा केलं की खरं पिन वेट हातात.

ट्रकचं असं आहे. १०,००० पाउंड जीव्हीडब्ल्यूआरला बांधलेल्या तीन-चतुर्थांश टन डिझेलमध्ये इंजिनाचंच वजन इतकं असतं की स्टिकर बरेचदा दोन ते अडीच हजारांवर येतो. तुमचे २,१०० पिन, ६२० माणसं, दीडशे हिच, झाले २,८७०. बसत नाही. गंमत म्हणजे त्याच ट्रकचं गॅस मॉडेल बरेचदा तीन हजारांच्या वर पेलतं. पण तुम्ही कोलोराडोत आहात, टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद गमावतं, आयझेनहॉवर टनेल ११ हजार फुटांच्या वर, म्हणजे तिथे जवळजवळ एक तृतीयांश गेली. ओढेल, ओरडत ओढेल, उजव्या लेनमध्ये हॅझर्ड लावून. टर्बो डिझेलला हा त्रास कमी आणि उताराला एक्झॉस्ट ब्रेक मिळतो, टनेलमधून सिल्व्हरथॉर्नकडे उतरताना पायाखालचे ब्रेक थंड राहतात, मुलं मागे बसलेली असताना मला त्याची किंमत चढापेक्षा जास्त वाटते.

म्हणून माझं उत्तर एक-टन, सिंगल रिअर व्हील, डिझेल, क्रू कॅब, साडेसहा फुटी बेड, कारखान्यातूनच फिफ्थ व्हील प्रेप म्हणजे बेडमध्ये हिच बसवायच्या पक्सची सोय असलेला. या वजनाला ड्युअली, म्हणजे मागे चार चाकांचा ट्रक, लागत नाही. पण शब्दावर घेऊ नका, प्रत्येक ट्रकचं दार उघडून स्टिकरचा फोटो काढा, एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांत पाचशे पाउंडांचा फरक असू शकतो. ३,३०० च्या खाली असेल तर पुढचा बघा.

लायसन्स राज्याप्रमाणे बदलतं. टेक्ससमध्ये ट्रक-ट्रेलरचं मिळून रेटिंग २६,००० च्या वर आणि ट्रेलर १०,००० च्या वर असेल तर नॉन-कमर्शियल क्लास ए लागतं, कॅलिफोर्नियात १०,००० ते १५,००० च्या फिफ्थ व्हीलला साध्या क्लास सीवर वेगळं एंडॉर्समेंट आणि त्यावर गेलात तर नॉन-कमर्शियल क्लास ए. तुमच्या राज्याचं डीएमव्हीच्या पानावरूनच बघा आणि इन्शुरन्सवाल्यालाही ट्रकचं आणि ट्रेलरचं रेटिंग आकड्यात सांगा.

---

अंगणातली चूल

आणि ताई, सासूबाईंना पायऱ्या चढवून बघायला विसरू नका, त्या आल्यावरच ट्रेलर फायनल करा, तोवर ट्रक शोधायला वेळ पण मिळेल.

---

रानवाटा

जूनमध्ये येतायत, तोपर्यंत ट्रकच. स्टिकरचे फोटो इथे टाकत जाईन, बघून सांगा.